डिस्क चढली नव्हती त्या सकाळचा फोटो

सकाळी स्टुडिओत आल्यावर मी आधी देवाला उदबत्ती लावत नाही आणि काउंटरही पुसत नाही. अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरते, मागच्या खोलीतलं मशीन चालू करते आणि मोठी डिस्क चढली की नाही हे डोळ्यांनी बघते. ते बघितल्याशिवाय शटर पुरतं वर जात नाही. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे. नवरा बाहेरून विचारतो, "झालं का तुझं सोवळं?" त्याला कारण माहीत आहे, तरी विचारतो. सवय आहे त्याची.

आमचा स्टुडिओ नारायणगावात, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी लग्न करून आले तेव्हा, नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला, सगळं रोलवर चालायचं. मागच्या खोलीत डार्करूम होती. तिथल्या औषधांच्या वासानं माझं डोकं उठायचं, त्यामुळे तो काळ लई सोन्यासारखा होता असं मी काही म्हणणार नाही. पण निगेटिव्ह हातात धरता यायची. उजेडासमोर धरली की काळ्या चेहऱ्याची पांढऱ्या केसांची नवरी दिसायची, आणि ती निगेटिव्ह पिठाच्या डब्यात ठेवली तरी कुठं जायची नाही.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी आम्ही डिजिटल कॅमेरा घेतला आणि पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणला. त्यात विंडोज होतं आणि थोड्याच दिवसांत व्हायरसही होता. लोक कुठकुठल्या सीडी घेऊन यायचे, "ताई, एवढं जरा बघा," म्हणायचे आणि जाताना काहीतरी मागं ठेवून जायचे. एकदा एका नवरीची अर्धी हळद गेली. म्हणजे फोटो गेले. नवरीच्या आईनं दुकानात बसून जे काही ऐकवलं, ते अजून कानात आहे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो आला, बघितलं आणि म्हणाला, "ताई, विंडोजवर फोटो साठवूच नकोस. त्यावर काम कर, पण साठवण वेगळी ठेव." मग त्यानं कुठूनसा एक जुना खोका आणला, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं आणि तो डार्करूममध्ये, जिथं आधी औषधांचे ट्रे असायचे तिथं ठेवून दिला. खोक्यात दोन डिस्क होत्या. छोटी मशीनच्या स्वतःसाठी, मोठी आमच्या फोटोंसाठी. पुढच्या कॉम्प्युटरवर "फोटो" नावाचा एक फोल्डर दिसायचा. वाटायचं तो तिथंच आहे, पण असायचा तो मागच्या खोलीत. कॅमेऱ्यातलं सगळं त्यात टाकायचं, रोजच्या तारखेचा एक फोल्डर करायचा, अशी शिस्त त्यानं लावून दिली.

जाताना त्यानं मला समोर बसवून समजावलं. हे मशीन चालू झालं की आधी फक्त आपली छोटी डिस्क उघडतं. तिच्यात एक यादी लिहून ठेवलेली असते, कोणती डिस्क कोणत्या फोल्डरवर चढवायची त्याची. मशीन ती यादी वाचतं, मोठी डिस्क शोधतं, तिची तब्येत तपासतं आणि मग ती "फोटो" या फोल्डरवर चढवतं. तेव्हा कुठं आपले फोटो दिसायला लागतात. तो माउंट म्हणायचा. मी चढवणं म्हणायचे, कारण आमच्याकडे दिवसभर टोमॅटोचे क्रेट गाडीवर चढताना बघायची सवय.

"आन् न्हाई चढली तर?" मी विचारलं.

"तर फोल्डर दिसेल, पण रिकामा."

"मंग तो रिकामा फोल्डर ठेवायचाच कशाला?"

"अगं, चढवायला जागा नको का?" तो हसला. मीही हसले. एवढ्यावरच त्या दिवशीचा धडा संपला. त्या रिकाम्या जागेतही सामान राहू शकतं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

तेव्हा भारनियमन होतं. वीज ठरल्या वेळी जायची, न ठरल्या वेळीही जायची. आमच्या यूपीएसची बॅटरी पहिल्या वर्षातच म्हातारी झाली. मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या वेळी ते उठताना डिस्क तपासत बसायचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकायची आणि टक्के गोगलगायीच्या चालीनं वाढायचे. धाडकन बंद नाही पडलं, तरी काही दिवसांनी "लई दिवस झाले तपासून" असं म्हणून ते आपणहून तपासायला घ्यायचं, आणि ते नेमकं लग्नाच्या तिथीला. माझ्या सासूबाई पाहुणे दारात असताना डबे मोजायला बसायच्या, तसंच हे.

कधी कधी ते वाटेतच थांबायचं आणि इंग्रजीत एक पाटी दाखवायचं. दुरुस्तीसाठी पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल आणि डी दाबून पुढं चला, असा तिचा अर्थ. भावानं बजावून ठेवलं होतं, "ही पाटी आली की काही दाबायचं नाही. मला फोन करायचा." पहिल्यांदा पाटी आली तेव्हा मी फोन केला. एकदा केला, दहादा केला. त्याचा मोबाइल हाफिसात ड्रॉवरमध्ये वाजत असणार आणि हे साहेब मीटिंगमध्ये. शेवटी मी देवाचं नाव घेऊन कंट्रोल-डी दाबलं. मशीन गुमान पुढं गेलं, सगळे फोटो जागच्या जागी. मग मला वाटलं, हा उगाच घाबरवतो. मी स्केचपेननं चिठ्ठी लिहिली, "थांबलं तर कंट्रोल + डी", आणि पडद्याच्या कडेला चिकटवली. भावाला ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलणी खाल्ली असती, आणि धाकट्याकडून बोलणी खायची माझी तयारी नव्हती.

आता भवानीचं सांगायला हवं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते रिकाम्या हातानं परत गेलं तर दिवस खराब, असं आमच्या बाजारपेठेत सगळेच मानतात. माझा नवरा तसा देवभोळा नाही, पण भवानीच्या बाबतीत हट्टी. भवानीचं गिऱ्हाईक आलं की बल्ब जळालेला असो, पडदा फाटलेला असो, फोटो काढायचाच.

त्या दिवशी बाजार होता. उन्हाळा तोंडावर आला होता. डोंगराकडची माणसं भात निघाला की कामाला खाली उतरतात. गाठोडी घेऊन पेठेत उभी राहतात, आणि शेतकरी येऊन त्यांना टोमॅटोच्या, कांद्याच्या कामाला घेऊन जातात. त्यातलंच एक म्हातारं जोडपं शटर वर जाताच दारात उभं होतं. म्हातारबाबांच्या अंगात घडी मोडलेला पांढरा सदरा होता, घडीच्या रेघा तशाच. आजीनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पदराचं टोक दातात धरलं होतं.

"दोगांचा काढायचा," बाबा म्हणाले. "मोठा. भितीला लावायजोगा."

"आत्तापतुर काढला न्हाई का कधी?" मी विचारलं.

आजीनं कमरेच्या पिशवीतून मतदानाचं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. फोटोच्या जागी काळा डाग आणि त्यात दोन पांढरे ठिपके. "ही मी हाय म्हनत्यात," ती म्हणाली. "सून म्हनती, आत्या, हे कोन भूत?" आणि पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की नवरासुद्धा कॅमेरा हातात घेऊन हसत उभा राहिला.

मागं मशीन पाटी दाखवून थांबलं होतं. नवऱ्याला निरगुडसरला लग्नाला निघायचं होतं, जीप दारात उभी होती. कॅमेऱ्याचं कार्ड लहान, त्यामुळे लग्नाला जाण्याआधी ते मोकळं करायला लागायचं. त्यानं दोघांना पडद्यासमोर उभं केलं. ती दोघं हातभर अंतर ठेवून, हात ताठ सोडून, शाळेतल्या प्रार्थनेसारखी उभी. "जरा जवळ या की," नवरा म्हणाला. दोघं अर्धं पाऊल सरकली. आजीचा पदर बाबांच्या बाहीला लागला, तेवढीच काय ती जवळीक. फोटो काढला.

"चालू झालं का?" नवरा ओरडला. "भवानीचं गिऱ्हाईक हाय, लवकर घे."

मी कंट्रोल-डी दाबलं. मशीन पुढं गेलं. पुढच्या खोलीत येऊन "फोटो" उघडला, तर आत काहीच नाही. तीन वर्षांतली लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळं गायब. पण जीपवाला हॉर्न वाजवत होता, नवरा हात पुढं करून कार्ड मागत होता, ती दोघं बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. मी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये त्या दिवशीच्या तारखेचा फोल्डर केला, फोटो त्यात टाकला, कार्ड पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. जोडप्याला म्हटलं, पुण्याच्या लॅबमधून छापून येईल, पुढच्या बाजाराला घेऊन जा. ती दोघं खूश होऊन गेली.

नंतर दार लोटून मी मागं बसले. रडले म्हटलं तरी चालेल. तेवढ्यात वीज गेली. वीज नव्हती तेवढ्या वेळात मी खोक्याचं झाकण काढलं, आत साठलेली रस्त्याची धूळ फुंकली आणि भावानं दाखवलं होतं तशी मोठ्या डिस्कच्या वायरची रुंद पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. ती सैल झाली होती. दुपारी वीज आली, मशीन उठलं, त्यानं डिस्क तपासली आणि चढवली. "फोटो" उघडला तर सगळं जिथल्या तिथं. जीव भांड्यात पडला. मी देवापुढं साखर ठेवली, नवरा लग्नावरून आल्यावर त्यालाही दिली. सकाळच्या फोटोची आठवणसुद्धा आली नाही.

आठवण आली ती पुढच्या बाजाराला, दोघं दारात उभी राहिली तेव्हा. मी तारखेचा फोल्डर शोधला. आदल्या दिवशीचा होता, दुसऱ्या दिवशीचा होता, निरगुडसरचं लग्न त्यात होतं, पण मधला नव्हता. वर-खाली शोधलं. नावानं शोधलं. आजी बाकावर बसून शांतपणे बघत होती. तेच हिरवं लुगडं.

"नसंल तर दुसरा काढा की," ती म्हणाली. "आमी आलोच हाओत."

कॅमेरा नवऱ्याबरोबर लोणीला होता, दुसऱ्या लग्नात. दोन तासांत तो परत आला असता. मी त्यांना चहा पाजून थांबवून घेऊ शकले असते, किंवा समोरच्या स्टुडिओत पाठवू शकले असते. पण आमच्याकडून फोटो हरवला हे तोंडानं कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. "अवो आजी, हाय कुठंतरी," मी म्हटलं. "पुढल्या बाजाराला या, छापून ठिवते." ती बरं म्हणाली. मला नंतर कितीतरी दिवस तिचं ते "बरं" ऐकू यायचं.

पुढच्या बाजाराला ती आली नाहीत. कुठंतरी लांबच्या मळ्यावर काम मिळालं असेल. मग पाऊस लागला, डोंगरावरची माणसं भातलावणीला वर गेली. माझ्या मनावरचं ओझंही गेलं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर बाबा आले. एकटेच. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "ती गेली. भाताच्या आवणीत तापानं फणफणली. घोडेगावला न्हेईपतुर राह्यली न्हाई." आणि मग, "फोटो घावला का?"

मी मशीनसमोर बसले आणि पुन्हा शोधायचं नाटक केलं. नाटक म्हणते, कारण शोधून काही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून हात हलवत राहिले. त्या संध्याकाळी मी भावाला फोन केला. तो तोवर बंगळूरला गेला होता. म्हटलं, एक फोटो हरवलाय, फार गरजेचा आहे, कुठं गेला असेल?

"त्या दिवशी मशीन उठताना काही तक्रार केली होती का? पाटी वगैरे?"

मी म्हटलं, "न्हाई."

का म्हटलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती, पडद्याच्या कडेला, माझ्याच अक्षरात. "मग कॉपी झालाच नसेल," भाऊ म्हणाला. "कार्ड पुसलं असेल तर गेला तो." मी बाबांना तेच सांगितलं, शहाण्यासारखं तोंड करून.

तरी ते येत राहिले. त्या साली, पुढच्या साली, त्याच्याही पुढच्या. कामाला खाली आले की बाजाराच्या दिवशी स्टुडिओत यायचे, बाकावर बसायचे, मी काम करत असले तर पडद्यावर सरकणाऱ्या परक्या नवऱ्या-नवरदेवांकडे बघत राहायचे. एखादी म्हातारी आली की जरा पुढं झुकायचे. मग विचारायचे, "न्हाई ना?" मी मान हलवायचे. ते उठून जायचे. एकदा दुकानात गर्दी होती, माझं डोकं फिरलेलं होतं, मी सगळ्यांसमोर ओरडले, "किती डाव सांगू बाबा? गेला तो फोटो. गेला म्हंजी गेला!"

ते चिडले नाहीत. "गेला म्हंजी कुटं गेला?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. "आमचं गाव धरनात गेलं, समदी म्हनत्यात गेलं. पर उन्हाळ्यात पानी उतारलं का देऊळ दिसतं, माझ्या घराचं जोतं दिसतं. जाग्यावरच हाय की समदं. वरून पानी हाय म्हनून दिसत न्हाई, येवढंच."

गर्दीतलं कुणीतरी हसलं. मीही मनात म्हटलं, आता यांना कॉम्प्युटर कोण समजावणार.

जाता जाता ते वळले. "घावला तर मला त्यातून काढून टाका," म्हणाले. "तिला एकटीला ठिवा. हार घालायचाय. मी जित्ता हाय तवर दोगांच्या फोटूला हार कसा घालनार?" मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीला भाऊ घरी आला. मोठी डिस्क भरत आली होती आणि कटकट आवाज करायला लागली होती. तो नवी घेऊन आला, खोक्यासमोर मांडी घालून बसला आणि जुनी उतरवायला लागला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो पडद्याकडे टक लावून बघत होता.

"ताई, डिस्क उतरवलीय मी. हा फोल्डर रिकामा पाहिजे. यात हे काय आहे?"

एक फोल्डर होता. त्यावर तारीख होती, माझ्या पद्धतीनं लिहिलेली, आधी वर्ष मग महिना. त्यानं तो उघडला. आत एकच फोटो. हिरवं लुगडं, पांढरा सदरा, सदऱ्यावर घडीच्या रेघा.

चहाचा कप मी कुठं ठेवला ते आठवत नाही. भाऊ बोलत होता. "डिस्क चढली नव्हती तेव्हा कॉपी केलास तू. म्हणून हा छोट्या डिस्कवर गेला, त्या रिकाम्या जागेत. नंतर मोठी डिस्क त्याच्यावर चढली आणि हा झाकला गेला. पुसला नाही गेला, नुसता झाकला गेला. इतकी वर्षं खालीच होता." मग त्यानं चिठ्ठीकडे बघितलं. पिवळी पडली होती, पण वाचता येत होती. "त्या दिवशी हे दाबलं होतंस? मला न्हाई म्हणालीस ना तू फोनवर? अगं, एक शब्द सांगितला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं. डिस्क उतरवायची आणि खाली बघायचं."

मला धाकट्याकडून बोलणी खायची नव्हती ना. खाल्ली. पण तो फार बोललाही नाही, तेच जास्त लागलं. बाबांनी भर दुकानात मला नेमकं हेच सांगितलं होतं, आणि मी मनात हसले होते.

मी त्याच दिवशी फोटोवर काम करायला बसले. बाबांनी सांगितल्याप्रमाणे त्यांना काढून टाकलं. तसं करताना फार त्रास झाला, कारण त्या अर्ध्या पावलाच्या जवळिकीमुळे आजीचा पदर त्यांच्या बाहीला लागला होता. कुठूनही कापलं तरी पदर तरी तुटायचा नाहीतर बाहीची पट्टी तरी राहायची. शेवटी पांढरी पट्टी राहू दिली. बघणाऱ्याला भिंत वाटली असती. दोन प्रती छापून आणल्या, एक आजीची एकटीची, एक दोघांची. दोघांची का छापली, असं नवऱ्यानं विचारलं. म्हटलं, असू दे, चुकून लागली तर.

बाजाराच्या दिवसाची वाट बघितली. बाबा आले नाहीत. पुढच्या बाजारालाही आले नाहीत. पेठेत माणसं उतरली होती, पण त्यांत ते नव्हते. इतकी वर्षं येणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. मी त्यांना बाबा म्हणायचे, पाकिटावर तारीख लिहायचे. मग मी फोटो घेऊन पेठेत गेले आणि गाठोड्यांवर बसलेल्या बायकांना दाखवला. एकीनं निरखून बघितलं. "ही तर आमच्या वरल्या वाडीची," म्हणाली. गाडी कुठं बदलायची, कुठं उतरायचं ते तिनं सांगितलं. "जावा तुमी. पोरगा हाय घरी." मी "पोरगा हाय" ऐकलं आणि पुढं विचारलं नाही. मला एवढंच वाटत होतं की फोटो सापडलाय आणि तो कधी एकदा त्यांच्या हातात देते.

घोडेगावला गाडी बदलली. पुढं रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो. पाणी काठोकाठ होतं, निळं आणि गुळगुळीत. मी खिडकीतून खाली बघत राहिले. देऊळ नाही, जोतं नाही, काही दिसलं नाही. दिसणारही नव्हतं, दिवाळी नुकती झाली होती.

वाडी चढावर होती. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या, तिशी-पस्तिशीचा एक माणूस खळं सारवून घेत होता. मी म्हटलं, नारायणगावच्या स्टुडिओतून आलेय, बाबांनी फोटो सांगितला होता. त्यानं हात धुतले, मला ओट्यावर घोंगडी टाकून दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी आधी आजीचा एकटीचा फोटो त्याच्या हातात दिला. मी भराभर बोलत होते. उशीर झाला, माझीच चूक, पण त्यांनी सांगितलं होतं तसाच केलाय, एकटीचा, हार घालता येईल असा.

त्यानं फोटो उजेडाकडे धरला. मग त्याचं बोट फोटोच्या कडेवर गेलं, त्या पांढऱ्या पट्टीवर.

"ही बाही कुनाची?"

"बाबांची," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं व्हतं, मला काढून टाका म्हनून. कुठं हायेत ते? रानात गेलेत का?"

त्याची बायको दारात चहाचे कप घेऊन थांबली. "बा श्रावणात गेलं," तो म्हणाला. "जायच्या आदल्या दिशीपतुर म्हनायचं, बाजाराला जायाचंय, फोटू बघून येतो."

श्रावणात मी स्टुडिओत होते, खोका मागच्या खोलीत होता, फोटो खोक्यात होता. मधे फक्त मी होते आणि माझं ते "न्हाई". एवढी मोठी बाई असून त्या परक्या अंगणात मी हमसून हमसून रडले, आणि ज्याचे आईबाप गेले तो मलाच म्हणत होता, "ऱ्हाऊ द्या ताई, चा घ्या."

मग त्यानं विचारलं, "पुरा हाय का? दोगांचा?"

मी पाकिटातून दुसरा काढला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, धूळ नव्हती तरी सदऱ्यानं पुसला. बायकोनं कप ओट्यावर ठेवले आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. म्हणाली, "बया, आत्याचा पदर बघा कुटं लागलाय."

त्यानं आजीचा एकटीचा फोटो माझ्या पाकिटात परत घातला आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"ह्यो न्या तुमी," तो म्हणाला. "आता कापायची गरज न्हाई."